यामिनीचा पश्चात्ताप

विसरवाडी,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

इंद्रसिंग गुरुजी यांस,

वत्सलाबाईचा जोहार. येशूच्या नावाने सलाम लिहिणार होते, पण मग कोणत्या चर्चचा येशू असा प्रश्न तुमच्या मंडळीत निघेल. त्यापेक्षा आपल्या आजे-पणज्यांचा जोहार बरा. त्याच्यावर अजून कोणी ठराव केलेला नाही.

इकडे सगळे बरे आहेत. भात कापून झालं, झोडपणी राहिली आहे. थंडी पडली की माझा गुडघा कुरकुरतो. तुमचा जावई चंदन धडगावलाच आहे. डोंगरात वारा सुटला की तारा तुटतात आणि तारा तुटल्या की वायरमनची सुट्टी तुटते, त्यामुळे तो घरी कमीच येतो. तुमची नात आता आवाजाकडे मान वळवते. गालांवर थोडं मांस आलं आहे. रमिलाताईंची साखर कशी आहे? नाताळानंतर गोकुळचं लग्न, तर मांडव अंगणात घालणार की शाळेच्या मैदानात? व्याह्यांना हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे.

फोन केला असता. पण माझा नंबर तुम्ही उचलत नाही, आणि रमिलाताई उचलतात तेव्हा शेजारी तुमचा खोकला ऐकू येतो. शिवाय हल्ली फोनवरचं बोलणं लोक रेकॉर्ड करून गावभर फिरवतात, आणि मला जे सांगायचं आहे ते फिरायला नको. म्हणून कागद. उद्या बाजारात रमिलाताई भेटतील, त्यांच्या हाती बंद पाकीट देईन. त्या तुमचं पाकीट फोडत नाहीत. यामिनीला मंडळीतून काढल्यापासून तिच्या घरी कोणी जेवू नये, पाणी पिऊ नये असा तुमच्या पंचांचा ठराव आहे ना, म्हणून त्या बाजारात मेथीवाल्याच्या आडोशाला उभ्या राहून नातीला बघतात. दोन्ही हातांत घेतात, एकदा वास घेतात आणि इकडेतिकडे पाहून परत देतात. मी तेव्हा मुद्दाम मेथीच्या भावावरून घासाघीस करते, म्हणजे त्यांना थोडा वेळ जास्त मिळतो. ही तुमची धर्मपत्नी आणि ही तुमच्या लेकीची लेक. तुम्हाला हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता रविवारचं.

मला ते आधी कळलं कय्युमभाईच्या कापडाच्या दुकानात. पोरीसाठी फ्लॅनेलचं कापड घ्यायला गेले होते. कापड फाडता फाडता तो म्हणाला, "बाई, रविवारले तुमनी सून त्यास्ना चर्चमा उभी ऱ्हाईसन माफी मांगनार शे म्हने? काय गुन्हा करा पोरनी?"

मी म्हटलं, "बाळाचा बाप्तिस्मा झाला, म्हणून."

"पानी टाकं म्हनीसन माफी?" त्याने कात्री खाली ठेवली. म्हणाला, "जाऊ द्या. आमनामा बी तेच शे. दोन मशिदी, दोन कमिट्या, आनी अल्ला बिचारा एक."

घरी आले तर यामिनी खाटेवर बसलेली, पोर मांडीवर, आणि हातातल्या कागदावरून काहीतरी पुटपुटत होती. शाळेतली पोरं इन्स्पेक्टर यायच्या आधी कविता पाठ करतात तशी. मी कागद मागितला. तिने आधी पदराखाली घेतला, मग दिला. अक्षर बघताच ओळखलं. इतकी वर्षं एका खोलीत दोन वर्ग चालवले आपण, तुमचं अक्षर मी अंधारातही ओळखेन. काय लिहिलं आहे तुम्ही ते तुम्हीच परत एकदा वाचा:

"मी यामिनी चंदन वळवी, माझ्या अजाण बाळाला शास्त्राविरुद्ध, मनुष्यांच्या परंपरेप्रमाणे बाप्तिस्मा देऊ दिला. तो बाप्तिस्मा नव्हे, हे मी कबूल करते. या पापाचा मला पश्चात्ताप झाला आहे. मी देवाची व मंडळीची क्षमा मागते."

एकही चूक नाही. शुद्धलेखनात तुम्हाला मी कधीच पकडू शकले नाही. पहिलं वाक्य ती भराभर म्हणते. दुसऱ्या वाक्याशी आली की थांबते, पोरीकडे बघते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

हे नाही म्हटलं तर काय होईल तेही तिने सांगितलं. गोकुळच्या लग्नात तिला मांडवात पाय ठेवता येणार नाही. बहिणीने भावाला हळद लावायची, ती हळद कोणीतरी चुलतबहीण लावील. पाळक तसं म्हणाले म्हणे. पाळक पोरसवदा, परवाच गुजरातेतून आलेला, तो तुमच्या तोंडाकडे बघून आमेन म्हणतो. मंडळीचे मुख्य वडील तुम्ही, ठरावावर पहिली सही तुमची. तेव्हा पाळकाचं नाव पुढे करू नका.

गुरुजी, मोलगीकडच्या त्या शाळेत आपण दोघं तरुण मास्तर असताना किती भांडलो या गोष्टींवरून! मधल्या सुट्टीत तुम्ही कोरा चहा उकळायचे आणि पहिला घोट घेतला की सुरू. "बाई, तुमचा पोप माणूसच ना? मग तो चुकत नाही कसा?" मी म्हणायची, "आणि तुमच्यात वचनाचा अर्थ जो तो आपापला लावतो, मग चुकलं कोण ते ठरवायचं कोणी?" तुम्ही म्हणायचे, पवित्र आत्मा ठरवतो. मी विचारलं होतं की परवा तुमच्या एका मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या, तेव्हा पवित्र आत्मा कुठल्या बाजूला बसला होता? तुम्हाला हसताना ठसका लागला होता. मरियेच्या चित्रापुढे मी मेणबत्ती लावली की तुम्ही पाठ फिरवून बसायचे, पण वारा आला तर उठून दार लोटायचे. त्या भांडणात कोणाचं काही जात नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, देवाला असले भांडखोर आवडत असतील.

तुम्ही म्हणायचे, आमच्यात पोप नाही, आम्ही फक्त शास्त्राचं ऐकतो. आता बघते तर तुमच्या मंडळीत एक पोप आहे, आणि त्याला रोमला जायला नको, तो नदीपलीकडेच राहतो.

आमच्या लोकांना मी सोडते असं समजू नका. लग्नाच्या वेळी आमच्या बाजूनेही काही कमी केलं नाही. बिशपांच्या परवानगीसाठी खेटे घातले, मुलं कॅथलिक वाढवीन असं चंदनकडून वदवून घेतलं, तेव्हा कुठे वेदीपुढे उभं केलं. तुम्ही चंदनला रंगावली नदीत बुडवून काढायला निघाला होता, ते मी होऊ दिलं नाही. शेवटी यामिनी आपल्या विश्वासात राहील, चंदन आपल्या, असं ठरलं. लग्नाची मिस्सा चालू असताना तुम्ही फाटकाशी चपला घालून उभे राहिला आणि मिस्सा संपल्यावर आत येऊन पोटभर जेवला. मला राग नाही आला. मी म्हटलं, माणूस निदान पोटाने तरी एकोप्याचा आहे.

पण त्या दिवसापासून यामिनी दर रविवारी माझ्याशेजारी बाकावर बसते, आणि ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला सगळी रांग लावतात तेव्हा ती एकटी बसून राहते. आमच्या चर्चमध्ये रीतसर आल्याशिवाय तिला ते मिळत नाही. सगळं गाव तिच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जातं. मी फादरांशी बोलले. ते म्हणाले, नियम आहे. तुमच्याकडे तिचं नाव खोडलं, आमच्याकडे अजून लिहिलंच नाही. पोर दोन घरांच्या मध्ये उपाशी आहे, आणि दोन्ही घरांत स्वयंपाक झालेला आहे.

आता ऑगस्टचं लिहिते. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सातवा जेमतेम सरलेला, यामिनीच्या पोटात दुखायला लागलं, तिला नंदुरबारला सरकारी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. पोर एवढीशी, काचेच्या पेटीत. चंदन दरड कोसळल्यामुळे घाटात अडकलेला. तुम्ही एसटीने आला, हातात ती पाण्याची बाटली, खांद्यावर टॉवेल. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, आम्ही सगळं करतो आहोत, पण एकेकाने बघून घ्या.

व्हरांड्यात मी तुम्हाला म्हटलं, "गुरुजी, फादरांना बोलावते. बाप्तिस्मा होऊ द्या."

तुम्ही म्हणाला, "एक थेंब नको, बाई. जिला विश्वास ठेवता येत नाही तिला पाणी लावणं ही देवाची थट्टा आहे. लेकरू त्याचं आहे. तो बघेल."

मी विषय तिथेच सोडला. तुम्हाला भिऊन नाही. यामिनीने आधीच मला सांगितलं होतं, आई, बाळाला मोठं होऊन स्वतः ठरवू द्या, आणि मी तिला शब्द दिला होता. ती गुंगीत पडलेली असताना शब्द मोडायचा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कानातलं काढून घेण्यासारखं. आमच्यात जीव धोक्यात असेल तर कोणीही पाणी घालू शकतं, फादर लागत नाही. मला ते माहीत होतं, पाणीही समोर होतं, तरी मी हात मागे बांधून ठेवले. पदराखाली जपमाळ ओढत राहिले, तुम्हाला दिसू नये म्हणून. तुमच्या मंडळीत मला पोरीच्या कपाळावर चोरून पाणी टाकणारी सासू म्हणतात. म्हणू देत. पण तुम्हाला खरं माहीत आहे.

आधी मी आत जाऊन आले. मग तुम्ही गेला. नर्सने मला टोपी-मोजे आणायला सांगितलं होतं, ते घेऊन मी दाराशी आले. दाराला काच आहे आणि ते नीट लागत नाही, एवढं तुमच्या ध्यानात आलं नसेल.

तुम्ही पाठमोरे होता. पेटीची बाजूची खिडकी उघडी होती. तुम्ही बाटलीचं झाकण काढलं, त्या झाकणात पाणी ओतलं. निम्मं तुमच्याच सदऱ्यावर सांडलं. परत ओतलं. मग हात खिडकीतून आत घातला आणि तिच्या कपाळावर पाणी सोडलं, थोडं थोडं, तीनदा. आणि म्हणाला, "रुखमा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो."

नदीत कंबरभर पाण्यात उभं राहून माणसाला आडवं पाडून वर काढणारे तुम्ही.

तेवढ्यात नर्स वळली. "ओ बाबा, काय करी ऱ्हायनात? पोरले पानी नका लावू!"

तुम्ही म्हणाला, "काही नही माय, तोंड पुशी ऱ्हायनू."

मी मागे सरकून बाकावर जाऊन बसले. तुम्ही बाहेर आला तेव्हा सदरा छातीशी ओला होता. मी मान खाली घातली. गुरुजी, खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या दिवसाइतके तुम्ही मला कधी आपले वाटला नव्हता. रुखमा हे नाव कोणाचं ते मला माहीत होतं. तुमची आई. बाप्तिस्मा न घेता, देवमोगरा मातेचं नाव घेत गेली ती. त्या शाळेच्या पायरीवर बसून तुम्ही एकदा मला विचारलं होतं, "बाई, माझी आई आता कुठे असेल?" तुमच्या तेव्हाच्या पाळकाने तुम्हाला जे उत्तर दिलं होतं ते तुम्ही मला सांगितलं, आणि मी म्हटलं की आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, मी तिच्यासाठी करीन. तुम्ही रागावून उठून गेला. तरी दर वर्षी मृतांच्या दिवशी मी एक मेणबत्ती रुखमाबाईच्या नावाने लावत आले. याही नोव्हेंबरात लावली. रागवायचं असेल तर आता रागवा.

पोर जगली. चंदनच्या लाडाने तिचं नाव सोनम पडलं. तुम्ही ठेवलेलं नाव मी कोणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात चंदन म्हणाला, आता चर्चमध्ये बाप्तिस्मा करू. यामिनी हो-नाही करत होती. मी पेचात पडले. आमच्यात हा संस्कार दोनदा होत नाही. एकदा बाप्तिस्मा झालेल्या माणसाला परत पाण्याखाली धरणं हे आमच्याकडे पाप आहे. मी फादरांकडे गेले. म्हटलं, दवाखान्यात झाला आहे. त्यांनी विचारलं, पाणी होतं? होतं. शब्द बरोबर होते? अक्षर न् अक्षर. तुम्ही स्वतः ऐकले? ऐकले. ते म्हणाले, मग झाला, आता फक्त तेल आणि मेणबत्ती. त्यांना वाटलं मीच केला. मी वाटू दिलं. तुमचं नाव माझ्या तोंडून जायला नको, ते तुमचं आणि देवाचं आहे, असं मला वाटलं.

मग चर्चमध्ये लोकांनी बघितलं, पाणी नाही, नुसतं तेल. म्हणजे आधीच उरकलेलं. बाजारात बोलणं झालं, नदीपलीकडे गेलं, आणि तुमच्या पंचांनी यामिनीला बोलावून विचारलं, तुझ्या संमतीने झालं का? ती म्हणाली, हो. मला कळलं तेव्हा मी रमिलाताईंकरवी निरोप पाठवला की यामिनीला कोणी विचारलं नव्हतं, दोष द्यायचा तर आमच्या घराला द्या. त्यावर तुमचा निरोप आला, की आईच्या संमतीशिवाय असं होऊ शकत नाही, असं पंचांचं मत पडलं.

तुम्ही त्या बैठकीत बसला होता. तुम्ही तो ठराव आपल्या सुंदर अक्षरात लिहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण चोराने स्वतः फासाची दोरी वळलेली मी पहिल्यांदा बघितली. पेत्रानेही येशूला नाकारलं होतं, पण कोंबडा आरवल्यावर त्याने निदान बाहेर जाऊन रडून घेतलं. तुमच्या गावातल्या कोंबड्यांना काय झालं आहे?

आणि गंमत बघा. ज्या चर्चला तुम्ही आयुष्यभर खोटं म्हणत आला, ते तुमच्या हाताला मानतं. फादर काय किंवा रोमचा पोप काय, दोघांनाही विचारलंत तर म्हणतील, इंद्रसिंग गावितांनी दिलेला बाप्तिस्मा पक्का आहे, त्याच्यावर कोणी हात फिरवायचा नाही. आणि तुमची मंडळी, जिच्यासाठी तुम्ही लेक सोडली, ती तुमच्या लेकीच्या तोंडून वदवून घेणार आहे की तो बाप्तिस्मा नव्हे. म्हणजे त्या दिवशी तुम्ही तोंडच पुसत होता.

कालपर्यंत मी धरून चालले होते की यामिनी माझ्यासाठी गप्प आहे. सासूला उघडं पाडायचं नाही म्हणून दोष अंगावर घेते आहे. याच समजुतीत मी तिला रोज दूध जास्त देत होते आणि स्वतःला भली समजत होते. काल तो कागद हातात आल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तू हे वाचणार नाहीस. कोणी केलं ते मी तुला सांगते."

ती म्हणाली, "आई, सांगू नका. मला माहीत आहे."

दवाखान्यातून सोडताना त्या नर्सने तिला सांगितलं होतं. सहज, हसत. तुमना बाबानी पोरले झाकनमाईन पानी लावं, मी रागावनू त्यास्ले, पन पोर टिकनी बरं. तेव्हापासून यामिनीला माहीत आहे. पंचांपुढे ती हो म्हणाली तेव्हा माहीत होतं. तुम्ही तिला तो कागद पाठवला तेव्हा माहीत होतं.

मी म्हटलं, "आणि तरी देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलणार?"

ती पोरीला थोपटत होती. म्हणाली, "बाबा खरं बोलले तर त्यांचं काही उरत नाही, आई. मंडळी म्हणजेच ते. त्यांनी ती बांधली, तिचे पत्रेसुद्धा त्यांनी डोक्यावरून आणले. माझं काय, मी तशीही दोन्हीकडून बाहेरच आहे. आणि बाबांनी मला जन्मात एवढी एकच गोष्ट चोरून दिली. ती सगळ्यांसमोर कशी मागू त्यांच्याकडे?"

मग तिने कागद माझ्या हातातून परत घेतला. या वेळी दुसऱ्या वाक्याशी थांबली नाही. "तो बाप्तिस्मा नव्हे, हे मी कबूल करते." अगदी स्वच्छ, तुमच्या वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोरीसारखं. मला तिथे बसवेना. मी अंगणात जाऊन भाताच्या पेंढ्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.

तुम्हाला वाटत असेल की रविवारी एक मुलगी आपली चूक कबूल करणार आहे आणि तुम्ही बाप म्हणून मोठ्या मनाने पुढच्या खुर्चीवर बसून तिला क्षमा करणार आहात. तसं नाही. ती तुमच्या डोळ्यांत बघून, सगळं जाणून, तुमचं पाप आपल्या तोंडाने म्हणणार आहे. आणि तुम्हाला आमेन म्हणावं लागणार आहे. ते म्हणता येईल का, याचा विचार करायला तुम्हाला शनिवार मिळावा म्हणून हे लिहिलं.

रविवारी आमच्याकडे ख्रिस्तराजाचा सण आहे. मिस्सा सोडून मी तुमच्याकडे येणार आहे. मागच्या बाकावर बसेन, नात माझ्या मांडीवर असेल. मी तोंड उघडणार नाही, कोणाकडे बघणारसुद्धा नाही. तुमच्या लोकांना काळजी नको.

एवढंच की, हे तुम्हाला कळवणार नाही अशी शपथ यामिनीने मला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावली होती. ती मी या पत्राने मोडली. मोठं पाप आहे. शनिवारी फादरांपुढे गुडघे टेकून ते सांगेन, ते देतील ते प्रायश्चित्त करीन आणि मोकळी होऊन घरी येईन. तुमच्याकडे ही सोय नाही. तुमच्यात मध्ये कोणी माणूस लागत नाही, थेट देवापुढे उभं राहायचं असतं.

तर रविवारी लेकीच्या आधी उभे राहा, गुरुजी.

तुमची विहीण आणि तुम्ही दिलेल्या बाप्तिस्म्याची साक्षीदार,
वत्सला